पावतीचं बटण

चि. सोनूस,

तुझा क्लोजरस्क्रिप्टचा कोड काल रात्री वाचला. कुठलं फंक्शन चालवायचं त्याचं नाव बटणाच्या माहितीत स्ट्रिंग म्हणून ठेवायचं आणि रनटाइमला ते शोधून चालवायचं, हे तुझ्या लॅपटॉपवर चालतं. तरी ते काढून टाक.

तुझ्याकडे बिल्ड ऑप्टिमायझेशनशिवाय होतो, म्हणून ‘पावती-काढ’ हे नाव जावास्क्रिप्टमध्येही जवळजवळ तसंच उतरतं. मधल्या रेघेचा तेवढा अंडरस्कोर होतो. प्रॉडक्शनचा बिल्ड गूगलच्या क्लोजर कंपायलरच्या अ‍ॅडव्हान्स्ड मोडमधून जातो. फाइल लहान व्हावी म्हणून तो नावं एक-दोन अक्षरांवर आणतो, आणि कोडमध्ये ज्याला कुणी बोलावत नाही ते फंक्शन उडवूनच टाकतो. तुझ्या स्ट्रिंगमधलं नाव त्याच्या लेखी नुसता मजकूर. मग तू हाक मारतेस ते फंक्शन दुसऱ्याच नावाने बसलेलं असतं, नाहीतर गेलेलं असतं.

मी हे सोसलंय गं. टेस्टिंगमध्ये नीट चाललेलं बिलिंगचं पान लाइव्ह गेलं, आणि पावतीचं बटण दाबलं की काहीच होईना. कन्सोलमध्ये फक्त ‘अनडिफाइन्ड’. पहाटेपर्यंत सर्व्हर तपासत बसले, चूक माझ्याच एका ओळीत होती.

तुझी सवय जेव्हीएमवरच्या क्लोजर भाषेची आहे. तिथे ‘रिझॉल्व्ह’ला चालू प्रोग्रॅममध्ये नावावरून फंक्शन सापडतं. इथे तो मॅक्रो आहे, कंपाइल होतानाच उलगडतो. रनटाइमला आलेली स्ट्रिंग त्याच्या कामाची नाही.

त्याऐवजी एक साधा मॅप कर: डावीकडे कीवर्ड, उजवीकडे थेट फंक्शन, त्याचं नाव नव्हे. कंपायलरला तो वापर दिसतो, म्हणून नाव बदललं तरी व्याख्येत आणि मॅपमध्ये दोन्हीकडे बदलतं आणि फंक्शन उडत नाही. आलेल्या स्ट्रिंगचा कीवर्ड करून मॅपमध्ये बघ. नसेल तर स्वच्छ एरर दे, गप्प बसू नकोस. तुझी स्ट्रिंग यूआरएलमधूनही येते, म्हणजे ती कुणीही टाइप करू शकतो. मॅप असला की तू मांडलेल्या फंक्शनांपलीकडे त्याचा हात पोचत नाही. स्ट्रिंगच कोड म्हणून चालवणाऱ्या ‘इव्हॅल’चा तर विचारही करू नकोस.

फंक्शनं वेगवेगळ्या फाइलींत वाढू लागली तर मॅपऐवजी मल्टिमेथड घे. नाव जपून ठेवणारी ‘एक्स्पोर्ट’ची खूण बाहेरच्या जावास्क्रिप्टला जे बोलवावं लागतं त्यालाच लाव. सगळीकडे लावलीस तर कंपायलरला त्यातलं एकही फंक्शन उडवता येणार नाही.

शनिवारी येशील तेव्हा अ‍ॅडव्हान्स्ड बिल्ड करूनच आण. पावतीचं बटण दोघी मिळून दाबून बघू.

तुझी,
मावशी