लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराचा शिधा

शेतकीच्या मासिकांत सायकलस्वाराच्या आहाराचा विषय कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्यास दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, एका दिवसांत २०० किलोमीटर सायकल चालविण्याचा नाद आतां आपल्या घरच्या मुलांसही लागूं लागला आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं २०१५ सालीं अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारें ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीनें पुरी केली, व २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं ती एकट्यानें पुरी केली. तेव्हां हा छंद आपल्या लोकांस परका राहिलेला नाहीं. दुसरें कारण असें कीं, या मुलांस डब्यांतून व पुड्यांतून जो माल महाग विकला जातो, त्यांतील बहुतेक सत्त्व आपल्याच शेतांत पिकतें.

या छंदाचें मूळ युरोपांत आहे. पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत जाऊन परत येण्याची फेरी १८९१ सालीं शर्यत म्हणून प्रथम झाली. आज ती दर चार वर्षांनीं भरते व तिचें १,२०० किलोमीटर अंतर ९० तासांच्या आंत तोडावें लागतें. तिच्या पात्रतेसाठीं आधीं २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या फेऱ्या पुऱ्या कराव्या लागतात. पैकीं २०० किलोमीटरच्या फेरीस साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे येथें प्रश्न वेगाचा थोडा व दिवसभर श्रम ओढण्याचा अधिक आहे.

शरीरांतील दोन कोठारें

आपल्या शरीरांत इंधनाचीं दोन कोठारें आहेत. एक चरबीचें. सडपातळ माणसाच्या अंगांतही आठ-दहा किलो चरबी असते व ती दिवसच्या दिवस पुरेल. परंतु ती सावकाश जळते आणि जोराच्या श्रमास एकटी पुरी पडत नाहीं. दुसरें कोठार ग्लायकोजेनचें, म्हणजे स्नायूंत व यकृतांत सांठविलेल्या साखरेचें. हें फार लहान. सर्व मिळून चार-पांचशें ग्रॅम, म्हणजे सुमारें दोन हजार उष्मांकांचें. जोराच्या श्रमांत तें दोन तासांच्या सुमारास रितें होऊं लागतें. मग रक्तांतील साखर उतरते, हातपाय कांपतात, डोळ्यांपुढें अंधारी येते व विचार सुचत नाहीं. फ्रेंच सायकलस्वार या अवस्थेस ‘फ्रँगाल’ म्हणतात. रहदारीच्या रस्त्यावर ती जिवावर बेतूं शकते.

हें ज्ञान शंभर वर्षांचें आहे. १९२४ सालीं बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीनंतर धांवणाऱ्यांचें रक्त तपासलें, तेव्हां अगदीं गळून गेलेल्यांची साखर फार उतरलेली आढळली. पुढील वर्षीं त्यांना वाटेंत गोड वड्या दिल्या, तों त्यांची स्थिति पुष्कळ सुधारली.

खाण्याचे हप्ते

उभ्या पिकास सर्व खत एकदम घातल्यास तें पिकास लागत नाहीं. हप्त्यांनीं दिलें तर लागतें. आहाराचेंही तसेंच आहे. ग्लुकोज ही साखर आंतड्यांतून रक्तांत जाण्याची जी वाट आहे, तिच्यांतून तासाला सुमारें ६० ग्रॅमच माल उतरतो. अधिक खाल्ल्यास तो पोटांत तुंबून मळमळ होते. फळांतील फ्रुक्टोजची वाट निराळी असल्यानें दोन्ही साखरा मिळून घेतल्यास तासाला ९० ग्रॅमपर्यंत पचूं शकतात. बाजारांतील महाग पुड्यांचें वर्म एवढेंच आहे. आतां पाहा: साखर व गूळ यांतील मुख्य पदार्थ निम्मा ग्लुकोज व निम्मा फ्रुक्टोज यांचाच बनलेला असतो, आणि बेदाण्यांतही या दोन साखरा जवळजवळ सारख्या असतात.

२०१२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत चौदा सायकलपटूंस ७५ किलोमीटर चालवावयास लावून एकदां केळीं व एकदां तयार पेय दिलें. वेळेंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. मात्र केळ्यांनीं पोट अधिक भरल्यासारखें वाटलें. प्रयोगास पैसा फळांच्या व्यापाऱ्यांचा होता, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

सामान्य स्वारास तासाला ५० ते ६० ग्रॅम पुरे. पहिला घास निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासांत घ्यावा व पुढें दर अर्ध्या तासास थोडें खावें. भुकेची वाट पाहूं नये. दहा तासांच्या फेरीचा शिधा असा ठरवितां येईल:

केळीं ८ (साल काढून प्रत्येकी १०० ग्रॅम) — १८४ ग्रॅम साखर व पिष्ट
बेदाणा १५० ग्रॅम — ११८
गूळ १०० ग्रॅम — ८५
मुक्कामावर १०० ग्रॅम पोह्यांचे दडपे किंवा कांदेपोहे — ७७
बाटल्यांतील साखर १०० ग्रॅम — १००

एकूण सुमारें साडेपांचशें ग्रॅम होतात. मूठभर शेंगदाणे तोंडास चव म्हणून चालतील. पण त्यांत निम्मी चरबी असल्यानें ते सावकाश पचतात. जनावरास नवा चारा एकदम घातला तर पोट बिघडतें. म्हणून हा शिधा आधीं सरावाच्या लहान फेऱ्यांत अंगवळणीं पाडावा. मधुमेह असणाऱ्यानें मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून यांतील कांहीं करूं नये.

पाणी व मीठ

पाण्यावांचून धोका आहे हें सर्वांस ठाऊक आहे. नुसत्या पाण्याच्या अतिरेकांतही धोका आहे, हें थोड्यांस ठाऊक असतें. घामावाटे मीठ जात असतां तहान नसतांना नुसतें पाणी पीत राहिल्यास रक्तांतील सोडियम पातळ होतें. डोकें दुखतें, वांत्या होतात, भ्रम होतो व क्वचित् मृत्यूही ओढवतो. अशा वेळीं आणखी पाणी पाजणें घातक असून रोग्यास तांतडीनें दवाखान्यांत न्यावें.

मीठ व ग्लुकोज एकत्र असतां आंतडें पाणी लवकर शोषून घेतें. याच तत्त्वावर १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं पटकीचे असंख्य रोगी वांचविले. स्वारासाठीं एक लिटर पाण्यांत ५० ग्रॅम साखर, चहाचा पाव चमचा मीठ व लिंबू पुरे. अशा दोन बाटल्या भराव्या. पुढें साखर वगळून मीठ-लिंबू घालावें. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. फेरीच्या आधीं व नंतर वजन करावें: तें वाढलें तर पाणी अति झालें, शेंकडा दोनांहून अधिक घटलें तर कमी पडलें.

डबे व गोळ्या

कॅफीनचा गुण सिद्ध झालेला आहे. परंतु तो चहा-कॉफींतही मिळतो व अति झाल्यास झोंप उडवितो. प्रथिनांची भुकटी अवश्य नाहीं. फेरीनंतर भातावर घट्ट वरण व दूध किंवा अंडीं घेतल्यास स्नायूंची झीज भरून येते. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीं, अंगांत उणीव नसेल तर, बळ वाढत नाहीं. केवळ शाकाहारी माणसांत बी-१२ ची, व स्त्रियांत लोहाची उणीव पुष्कळदां असते. ती रक्त तपासूनच भरून काढावी, अंदाजानें नव्हे. भुकट्यांत न छापलेलीं उत्तेजक द्रव्यें मिसळलेलीं अनेक देशांत सांपडलेलीं आहेत, हें शर्यतींत उतरणाऱ्यानें विसरूं नये.

सारांश, मातीची परीक्षा केल्यावांचून खत घालणारा शेतकरी जसा पैसा वायां घालवितो, तसाच उणीव न पाहतां डबे रिचविणारा स्वार. मुलगा फेरीस निघेल तेव्हां त्याला अडवूं नये. त्याच्या पिशवींत केळीं, बेदाणा, गुळाचे खडे व मिठाची पुडी आहे कीं नाहीं, एवढें मात्र वडीलधाऱ्यांनीं स्वतः पाहावें, अशी आमची विनंति आहे.