नकाराचा नकार : फ्रान्स्वा झाकॉब यांचे संशोधन

मी मराठी साहित्याचा विद्यार्थी. अशा माणसाने जनुकशास्त्रावर लिहिणे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते फ्रान्स्वा झाकॉब स्वतःही या शास्त्रात आगंतुक म्हणूनच शिरले होते.

झाकॉब यांचा जन्म १९२० साली फ्रान्समधील नान्सी येथे झाला. त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. पॅरिसला वैद्यकीचे शिक्षण चालू असतानाच जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला. झाकॉब इंग्लंडला गेले, द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल झाले आणि आफ्रिकेच्या रणांगणावर वैद्यकीय अधिकारी म्हणून राबले. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत बॉम्बहल्ल्यात ते जबर जखमी झाले. पुढे १९४७ मध्ये वैद्यकीचा प्रबंध पुरा झाला खरा, पण शस्त्रक्रिया करणे त्या हाताला आता शक्य नव्हते.

मग काही वर्षे नुसती चाचपडण्यात गेली. अखेर १९५० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ यांच्याकडे आले. ल्वॉफ यांनी त्यांना आधी अनेकदा परत पाठवले होते. विज्ञानाची पुरेशी तयारी नसलेल्या या उमेदवाराला त्यांनी शेवटी ठेवून घेतले, याबद्दल जीवशास्त्राने त्यांचे ऋणी असावे.

त्या काळचे एक कोडे असे होते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जीवाणूला दुग्धशर्करा दिली, की ती पचवणारे विकर तो झपाट्याने तयार करू लागतो. प्रमाण सुमारे हजार पटींनी वाढते. शर्करा काढून घ्या, निर्मिती थांबते. विकर बनवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते, हे ठाऊक होते. मग ती कृती केव्हा वाचायची, हे कोण ठरवते? शर्कराच जनुकाला जागे करते, असे म्हणणे सरळ वाटे.

झाकॉब, झाक मोनो आणि अमेरिकेहून आलेले आर्थर पार्डी यांनी एक प्रयोग केला. एका जीवाणूतील चांगली जनुके दुसऱ्या, ती सदोष असलेल्या जीवाणूत जाऊ दिली. शर्करा दिलेली नसतानाही नव्या घरी विकर लगेच बनू लागले, आणि काही वेळाने आपोआप थांबले! म्हणजे जनुक झोपलेले नव्हतेच. सुरुवातीला नव्या घरात त्याला आवरणारे कोणी नव्हते. आवरणारा पदार्थ तयार होऊन साचल्यावर ते गप्प झाले. शर्करा जनुकाला बोलायला लावत नाही, त्याच्या तोंडावरचा हात बाजूला करते. व्याकरणात दोन नकारांचा होकार होतो, हे आम्हां भाषेच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. जीवाणूंनाही ते अवगत आहे, एवढेच.

हा निरोधक नेमका कशावर बसतो? १९५८ च्या जुलैत चित्रपटगृहात पत्नीशेजारी बसले असताना झाकॉब यांना सुचले, की तो थेट डीएनएवरच बसत असावा. जीवाणूत दडून राहणाऱ्या विषाणूंवर ते वर्षानुवर्षे काम करीत होते. तेथेही हीच युक्ती असावी, हे त्यांना दिसले. (चित्रपटाकडे किती लक्ष राहिले असेल, कोण जाणे.) मोनोंबरोबरचा मोठा निबंध १९६१ मध्ये आला. १९६५ चे नोबेल पारितोषिक झाकॉब, मोनो व ल्वॉफ यांना विभागून मिळाले. निरोधक मात्र तोवर कोणी हाती धरला नव्हता. तो वॉल्टर गिल्बर्ट व बेनो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये वेगळा केला.

मानवाचा जनुकसंच २००३ मध्ये बव्हंशी वाचून झाला तेव्हा या प्रश्नाचे वजन कळले. प्रथिने बनवणारी आपली जनुके सुमारे वीस हजार, आणि उंदराचीही जवळपास तितकीच. आपल्या यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत तर जनुके तीच. फरक कोणते केव्हा वाचले जाते याचा. निसर्ग नवी सामग्री क्वचितच आणतो, असे झाकॉब यांनी १९७७ मध्येच मांडले होते. उत्क्रांती अभियंत्यासारखी आराखडा काढत नाही. हाताशी असलेल्या जुन्या वस्तूंतून काहीतरी जुळवणाऱ्या खटपट्या माणसासारखी वागते, हे त्यांचे मत.

झाकॉब २०१३ मध्ये वारले. १९९६ पासून ते फ्रेंच अकादमीचे सभासद होते, कारण ते लिहीतही उत्तम. आनुवंशिकतेच्या कल्पनेचा इतिहास सांगणारा त्यांचा १९७० चा ग्रंथ ‘द लॉजिक ऑफ लाइफ’ या नावाने इंग्रजीत आहे. इतिहास आणि तत्त्वज्ञान घेतलेल्या मित्रांनी तो मुद्दाम मिळवावा. त्यात प्रयोगशाळेपेक्षा त्यांचाच विषय अधिक सापडेल.