शहरे वाढतात, मग शिवारात कोण?



ऊस नोंदीसाठी गटात फिरताना आम्हांला हल्ली एकच गाऱ्हाणे ऐकू येते : "साहेब, पोरगं पुण्याला, रानात गडी मिळंना, टोळी येळंवर येईना." हे दुखणे आपल्याच तालुक्याचे नव्हे. बहुतेक आशिया खंड शहराकडे निघाला आहे.

चीनमध्ये १९७८ साली शंभरांत जेमतेम १८ माणसे शहरात राहत. २०११ मध्ये ती निम्म्यावर गेली आणि २०२० च्या जनगणनेत ६४ टक्के भरली. पण त्यात एक मेख आहे. तिथे कुटुंबाची नोंद मूळ गावी असते. शहरात राबणाऱ्या कोट्यवधी मजुरांची नोंद गावातच राहते, त्यामुळे शहरात पोरांची शाळा, दवाखाना मिळवताना त्यांची ओढाताण होते. फडावर कोपी घालून राहणाऱ्या आपल्या तोडकऱ्यांची पोरे आठवा, म्हणजे कळेल.

जपान या वाटेने फार आधी गेला. तिथल्या शेतकऱ्याचे सरासरी वय २०२० साली ६८ च्या घरात होते. थायलंड तर आपल्यासारखाच उसाचा देश. मजूर मिळेनात म्हणून तिथे ऊस जाळून तोडायची सवय लागली आणि त्या धुरापायी आता सरकारला डोके धरावे लागते.

आकडे वाचताना मात्र सावध राहावे. श्रीलंकेत २०१२ साली शहरी लोक फक्त १८ टक्के दिसतात. कारण १९८७ मध्ये तिथल्या छोट्या नगरसभा मोडल्या आणि ती गावे कागदोपत्री खेडी झाली! आपल्याकडे नगरपालिका नसली तरी लोकसंख्या ५,०००, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, एवढे जमले की जनगणनेत ते गाव शहर धरतात. अशी गावे २००१ मध्ये १,३६२ होती. २०११ मध्ये ३,८९४ झाली. म्हणजे पोरगा गाव न सोडताही शेतातून उठतो. २०११ ला देशात ३१ टक्के, तर महाराष्ट्रात ४५ टक्के लोक शहरी होते.

तेव्हा टोळीच्या भरवशावर किती वर्षे काढायची, हे प्रत्येकाने घरात बसून ठरवावे. यंत्राने तोडणी करायची तर सरी पाच फुटांची हवी. तीन फुटी सरीत यंत्र बुडखा तुडवते, खोडवा बिघडतो. लागणीची नोंद देताना सरीचे अंतर चिटबॉयकडे न विसरता लिहून द्यावे.