बुरुजाने शिकवलेलं

गडांवर श्रमदानाला जायला लागल्यापासून बुरूज मला हळूहळू कळत गेला. त्यातही सर्वांत जास्त शिकवलं ते राजगडाच्या संजीवनी माचीने.

१. बुरूज उंचीपेक्षा नजरेसाठी बांधलेला असतो. सरळ तटावर उभं राहून वाकलं, तरी तटाचा पायथा दिसत नाही. शिडी लावणारा शत्रू तिथे सुरक्षित. बुरूज तटाच्या पुढे येतो आणि तोच पायथा दोन्ही बाजूंनी माऱ्यात आणतो. त्याची गोलाईही शोभेची नाही. तोफेच्या माऱ्यात कोपरा आधी ढासळतो, गोल अंग जास्त तग धरतं. हे समजल्यापासून मी बुरुजाच्या आत उभी राहून जंग्यांमधून, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेल्या भोकांतून, बाहेर पाहते. बांधणाऱ्याचं डोकं तिथून दिसतं.

२. उत्तम बांधणारा पराभवही हिशेबात धरतो. संजीवनी माचीच्या चिलखती बुरुजांना बाहेरून दुसऱ्या भिंतीचं कवच आहे आणि दोन्हींच्या मधून माणूस जाईल एवढी अरुंद वाट. बाहेरची भिंत पडली, तरी आतला बुरूज लढत राहणार. ते पाहून मी नतमस्तक झाले. आपण अजिंक्य आहोत असं म्हणणं सोपं. 'हे पडलं तर पुढे काय?' याचं उत्तर आधीच दगडात बांधून ठेवायला वेगळं धैर्य लागतं.

३. तट आणि पाणी ही जुळी भावंडं आहेत. गडावर टाकं खोदताना निघालेला कातळ घडवून बांधकामाला वापरायचा, ही आपल्या गडांची जुनी रीत. एकाच कष्टात शिबंदीला पाणी मिळालं आणि तटाला दगड. म्हणून नुसता बुरूज जपून भागत नाही. त्याच्याजवळचं गाळाने भरलेलं टाकंही त्याच वारशाचा भाग आहे.

४. बुरुजाचा आजचा शत्रू आवाज करत नाही. 1704 मध्ये खुद्द औरंगजेबाने वेढा घालून राजगड घेतला, तरी माचीचे बुरूज टिकले. आता मात्र सांध्यात रुजलेलं पिंपळाचं बोटभर रोप पुरतं. मूळ जाड होतं, दगड सरकतो, फटीत सह्याद्रीचा पाऊस शिरतो. वाढलेलं झाड हिसकून उपटलं, तर त्याच्यासोबत दगडही येतो. म्हणून ते काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. वारसा जपताना उत्साहाइतकाच संयम लागतो, हे मला इथे पटलं.

५. जास्त घट्ट ते जास्त चांगलं, असं नसतं. चुन्याच्या जुन्या बांधकामातली ओल दरजांतून बाहेर पडत राहते. तिथे सिमेंट भरलं, की ओल आत कोंडते आणि भोवतालचा चुना व दगड झिजू लागतात. दुरुस्तीही मूळच्या जातीची हवी. घाण्यात मळलेल्या चुन्याला वेळ लागतो, कसबी हात लागतात. बुरूज वाचवायचा तर ते हातही वाचवावे लागतील.

६. जगाची मान्यता मोलाची आहे, पण मोल तिच्या आधीपासूनचं आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं : महाराष्ट्रातले 11 आणि तामिळनाडूतला जिंजी. त्यांत राजगड आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण यादीबाहेरच्या शेकडो गडांचे बुरूजही त्याच बुद्धीने आणि त्याच घामाने उभे राहिले आहेत.

तुमच्याही गावाजवळ असा एखादा बुरूज असेल. तिथे जा, मुलांना न्या, जंगीतून बाहेर पाहा. दगडावर नाव कोरू नका, निखळलेला दगड घरी आणू नका. आणि हात लावून काही करावंसं वाटलं, तर आधी पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्या. ढासळलेला बुरूज पुन्हा बांधता येतो. पण मूळ हातांनी रचलेला तो बुरूज परत मिळत नाही.