परसबागेतील रोमनेस्को फुलकोबी

रोमनेस्को हा इटलीतील फुलकोबीचा जुना प्रकार होय. याचा गड्डा पोपटी रंगाचा असून त्यावर मळसूत्री रचनेचे टोकदार तुरे असतात. नाशिक येथील पंचवटीसारख्या भागात हे पीक परसबागेत घेता येते. मात्र गड्डा धरतेवेळी झाडास थंडी मिळणे अगत्याचे आहे. ती न मिळाल्यास पाने माजतात, गड्डा विरळ राहतो अथवा धरतच नाही आणि हंगाम वाया जातो.

हंगाम : नाशिकला डिसेंबर व जानेवारीत चांगली थंडी असते. लावणीपासून काढणीपर्यंत सुमारे ७५ ते १०० दिवस लागतात. म्हणून थंडीपासून मागे मोजून बी सप्टेंबरच्या उत्तरार्धात पेरावे व लावणी ऑक्टोबरअखेर उरकावी.

रोपे : परतीच्या पावसाचे पाणी साचू नये म्हणून गादीवाफा करावा. त्यात कुजलेले शेणखत मिसळून बी १ सेंटिमीटर खोल, ओळीत व विरळ पेरावे. दाट पेरणी व अति ओल यांमुळे रोपे कोलमडतात. बी ४ ते ७ दिवसांत उगवते. ४ ते ५ आठवड्यांची ठेंगणी, जोमदार रोपे लावावीत. जून झालेल्या रोपांस अकाली व बटणाएवढेच गड्डे धरतात.

लावणी व निगा : दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. १२ रोपांस ५ चौरस मीटर जागा पुरते. लावणी सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे. पुढे पाण्याचा ताण पडू देऊ नये. बांधाकडेने मोहरी पेरल्यास चौकोनी ठिपक्याचा पतंग तिच्याकडे ओढला जातो. अळ्या दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. गड्डा तपकिरी पडून दांडा पोकळ झाल्यास बोरॉनची उणीव संभवते. माती तपासूनच उपाय योजावा.

काढणी : पांढऱ्या फुलकोबीप्रमाणे गड्ड्यावर पाने बांधण्याची गरज नाही, कारण पोपटी रंग हाच याचा स्वाभाविक रंग आहे. तुरे घट्ट असतानाच गड्डा काही पानांसह कापावा.

घरचे बी धरण्याच्या भरीस पडू नये. संकरित वाणाच्या बियांपासून मूळ गुण उतरत नाहीत. उशिरा येणाऱ्या फुलकोबीचे बी कुलू, सोलन अशा थंड डोंगरी भागांत तयार होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या वर्षी १०-१२ रोपांचाच प्रयोग करवून पेरणीची तारीख टिपून ठेवावी. पुढील वर्षी तीच मार्गदर्शक ठरेल.