पेन्शनच्या पुस्तकातून पणजोबांचा माग

प्रश्न : माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. घरात त्यांचे जीर्ण पेन्शनबुक सापडले आहे. पुढची माहिती कशी मिळेल?

उत्तर : आपल्या हाती मोठा ठेवा आहे. महायुद्धासाठी भरती झालेले बहुतेक जवान १९४५-४६ नंतर घरी आले ते पेन्शनविनाच. सेवा पेन्शनला साधारण १५ वर्षे नोकरी लागे. म्हणजे पणजोबांची नोकरी लांबलचक असेल, किंवा त्यांना अपंगत्वाची पेन्शन असेल. पुस्तकात तोच उल्लेख आधी शोधा.

त्यानंतर पलटणीचा शिपाई नंबर. नावावर विसंबू नका. इंग्रजीत लिहिताना आडनावाचे स्पेलिंग बदलते, कधी आडनावच गळते आणि एका गावचे दोन ‘पांडुरंग’ एकाच पलटणीत निघतात. नंबर मात्र एकाचाच. गाव, तालुका, वारस, अंगावरची खूण हेही टिपून घ्या. ‘डाव्या भुवईवर व्रण’ एवढ्या ओळीवरूनही घरातली म्हातारी माणसे ओळख पटवतात.

मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, नाते आणि पुस्तकाची छायाप्रत जोडून अर्ज करा. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावातच उभी राहिली, पण तिचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. पलटणीचे नाव नीट वाचूनच पत्ता घाला. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

मूळ पुस्तकाला लॅमिनेशन मात्र करू नका, आणि ते टपालाने कुणालाही पाठवू नका.