शेजारशाळा : यशवंतपूरच्या संदर्भात एका संज्ञेचा विचार

मराठीत ‘शेजार’ हा शब्द नात्याचा आहे. शिक्षणविषयक कायद्यात तो अंतराचा झाला आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेचा पुरस्कार केला, तेव्हा एका परिसरातील सर्व थरांतील मुलांनी एकाच शाळेत शिकावे, असा तिचा आशय होता. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही संज्ञा स्वीकारली आणि २०१० च्या केंद्रीय नियमांनी पहिली ते पाचवीसाठी तिची मर्यादा १ किलोमीटर ठरविली. आशयाचा हा संकोच वाढत्या वसाहतीत कसा प्रत्ययास येतो, हे बंगळूरच्या यशवंतपुरावरून पाहता येईल.

रेल्वे स्थानक, बाजार समितीचे आवार आणि कारखाने ही यशवंतपूरची जुनी ओळख. २०१४ साली तेथे मेट्रो आली. जवळच किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर आज मॉल आणि उंच निवासी मनोरे उभे आहेत. त्या संकुलात शाळाही आहे. परंतु ती खासगी आहे.

जागेचा विचार कायद्याने केलेला नाही, असे नाही. बंगळूर विकास प्राधिकरणाच्या १९७६ च्या कायद्यानुसार वसाहतीच्या आराखड्यात किमान १५ टक्के क्षेत्र उद्याने व क्रीडांगणे यांसाठी आणि आणखी किमान १० टक्के नागरी सुविधांसाठी राखावे लागते. राजमहाल विलास विस्तारातील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयास देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रद्द ठरविला, तो याच कायद्याच्या आधारे. तथापि, राखीव जागा म्हणजे शाळा नव्हे. शिवाय टक्केवारी जमिनीची असते. मुलांची संख्या मात्र मजल्यांबरोबर वाढते.

एक काल्पनिक हिशेब घेऊ. १००० सदनिकांत दर पाच घरांमागे प्राथमिक वयाचे एक मूल धरले, तर २०० मुले होतात. कायद्याच्या परिशिष्टानुसार १२१ ते २०० मुलांसाठी पाच शिक्षक हवेत. त्यांचे वेतन आणि वर्गखोल्या यांचा भार कोणी उचलावा? कायदा निधीची जबाबदारी केंद्र व राज्य यांच्यावर संयुक्तपणे टाकतो. परंतु नव्या घराच्या परवानगीशी त्या निधीचा सांधा जोडीत नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्याच्या कलम १०६ अन्वये विकासकाकडून शाळेच्या जागांसाठी अंशदान घेता येते. नव्या घरांमागे किती मुले येतील, याचा गुणक आधी काढला जातो.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक प्रश्न दिसेल : या जागा कोणत्या भाषेतील? मुंबई महापालिकेने मराठीबरोबर कन्नडसह आठ माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविल्या. संविधानाचे कलम ३५० (अ) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीची अपेक्षा करते. मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही, असे २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. परंतु सक्ती नसणे म्हणजे निवड असणे नव्हे. परिसरात ती शाळाच नसेल, तर निवडीचा हक्क कागदावरच राहतो.

यावरचा मार्ग शिक्षणहक्क कायद्यातच सूचित आहे. कलम ९ अन्वये आपल्या हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ही नोंद, तीत घरच्या भाषेचा रकाना धरून, बांधकामाच्या परवानगीपूर्वी नगररचनाकाराच्या मेजावर आली पाहिजे. मुले मोजल्यावाचून मोजलेले अंतर शेजार निर्माण करू शकत नाही.